रस्त्याच्या नव्या आराखड्यावर सूचना मागवल्यात. चालणाऱ्यांच्या आणि सायकलवाल्यांच्या बाजूनं काय मांडावं? (पुणे)

पावलापावलानं (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

आमच्या भागातल्या एका मोठ्या रस्त्याचा आराखडा नव्यानं होतोय. रस्ता पुढे मेट्रो स्टेशनला मिळतो. एका बाजूला सोसायट्या, दुसऱ्या बाजूला वस्ती, मध्ये महापालिकेची शाळा, शाळेच्या पुढे भाजीवाल्यांची रांग. भिंतीपासून भिंतीपर्यंत रुंदी साधारण २४ मीटर. पदपथ आणि सायकल ट्रॅकबद्दल नागरिकांनी सूचना द्याव्यात म्हणून क्षेत्रीय कार्यालयात लवकरच बैठक आहे, शिवाय ऑनलाइन फॉर्म भरता येतो.

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून मी रोज संध्याकाळी तिच्याबरोबर चालते. तिला प्रत्येक सोसायटीच्या गेटपाशी पदपथावरून खाली उतरावं लागतं आणि लगेच पुन्हा चढावं लागतं. पायऱ्या उंच आहेत. दोन ठिकाणी ती माझा हात सोडतच नाही. त्यामुळे या बैठकीला मी नुसती हजेरी लावून येणार नाही, तयारी करून जायचं ठरवलंय.

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सूचना गोळा झाल्या त्या अशा: फेरीवाले हटवा, गाड्या लावायची जागा कमी करू नका, आणि सायकल ट्रॅक कशाला, सायकल चालवतंय कोण? पण मला तर पहाटे खिडकीतून सायकली दिसतात.

महापालिकेचं २०१६ सालचं पादचारी धोरण आहे, त्याच वर्षीची रस्त्यांच्या रचनेची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, २०१७ मध्ये मंजूर झालेला सायकल आराखडा आहे. म्हणजे कागदावर चालणाऱ्याला मान आहे. तो आमच्या रस्त्यावर उतरवायचा तर बैठकीत नेमकं काय बोलावं? आणि जे खरोखर चालतात, सायकल चालवतात, त्यांचं म्हणणं तिथपर्यंत कसं न्यावं? अनुभव असलेल्यांनी जरूर लिहा.

---

शाळेतल्या बाई

ताई, तुमचा दुसरा प्रश्न आधी घेते, कारण पहिल्याचं उत्तर त्यातूनच निघतं.

मी महापालिकेच्या शाळेत शिकवते. आमच्या शाळेसमोरच्या रस्त्याचं काम निघालं तेव्हा आम्हा काही शिक्षिकांना आणि पालकांना त्यात उतरावं लागलं. त्यावरून सांगते: बैठकीला जाण्याआधी एक दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंत रस्त्यावर कोण कधी असतं ते लिहून काढा. साडेपाचला पेपरवाले आणि पाववाले, सगळे सायकलवर. सहा-सातला वॉचमनची पाळी बदलते, तेही बहुतेक सायकलवर. मग सकाळच्या शाळेची मुलं. आठपासून घरकाम करणाऱ्या बाया, एका सोसायटीतून दुसऱ्या सोसायटीत, दुपारपर्यंत भराभर चालत. आता बघा, बैठका साधारण कामाच्या दिवशी अकरा-बाराला असतात. त्या वेळी यातलं एकही माणूस मोकळं नसतं. ऑनलाइन फॉर्म ईमेल मागतो. मग सूचना कुणाच्या पोचतात? ज्यांना तो रस्ता गाडीच्या काचेतून दिसतो त्यांच्या. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही, पण त्यांच्या सूचना म्हणजे अख्ख्या रस्त्याचं म्हणणं नव्हे.

म्हणून आम्ही नकाशा घेऊन रस्त्यावर गेलो. चार कार्डशीट जोडून रस्त्याचा लांबट नकाशा काढला. त्यावर शाळा, बसथांबा, दवाखाना, देऊळ, पिंपळ, सार्वजनिक संडास, वडापावची गाडी अशा खुणा ठळक दाखवल्या, कारण रस्त्यांची नावं कुणी वापरत नाही, खुणा सगळे वापरतात. पालकसभेच्या दिवशी तो गेटच्या आत सतरंजीवर पसरला आणि शेजारी टिकल्यांची पाकिटं ठेवली. जिथे भीती वाटते तिथे लाल टिकली, जिथे बरं वाटतं तिथे हिरवी. लिहायला सांगितलं असतं तर निम्म्या आया मागच्या मागे निघून गेल्या असत्या. टिकली लावायला सगळ्या खाली बसल्या, आणि एकदा बसल्या की बोलायला लागल्या. त्यांच्या शब्दांत जे आलं ते आम्ही शेजारी बसून वहीत उतरवलं.

मुलांना वर्गात सांगितलं, घरापासून शाळेपर्यंतची वाट काढा. चौथीतल्या एका मुलीच्या चित्रात तिची वाट रस्ता ओलांडून पलीकडे जात होती आणि थोडं पुढे जाऊन पुन्हा अलीकडे येत होती. घर आणि शाळा तर एकाच बाजूला. मी विचारलं, तर म्हणाली, "बाई, मध्ये तो लाइटचा डबा आहे ना." शाळा सुटल्यावर तिच्याबरोबर गेले. पदपथावर विजेची फीडर पिलरची पेटी उभी, तिच्या आणि भिंतीच्या मध्ये हातभर फट. पाठीवर दप्तर असलं की पोरीला आडवं होऊन सरकावं लागतं, आणि तिच्या बोटाला धाकटा भाऊ. खाली उतरून जावं, तर पेटीला लागूनच टेम्पो उभा असतो, म्हणजे थेट वाहत्या रस्त्यात. म्हणून ती दोनदा रस्ता ओलांडत होती, रोज, भावाला घेऊन. नंतर नकाशा पाहिला तर आयांच्या लाल टिकल्या त्याच जागी दाटल्या होत्या.

आम्ही टेप घेऊन मोजमाप केलं. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक तत्त्वांत (आयआरसी १०३, २०१२ ची आवृत्ती) पदपथावर चालायला किमान १.८ मीटर सलग मोकळी रुंदी आणि रस्त्यापासून जास्तीत जास्त १५० मिलिमीटर उंची सांगितली आहे. हे दोन आकडे पाठच करून जा. "पदपथ अरुंद आहे" म्हटलं की साहेब मान हलवतात आणि पुढच्या मुद्द्यावर जातात. "पिंपळापासून बसथांब्यापर्यंत मोकळी रुंदी अमुक सेंटिमीटर, पाहिजे १८०, अडथळा हा, सकाळी सात ते आठ या वेळात इथून मुलं जातात" असं लिहून दिलं की त्यांना उत्तर द्यावंच लागतं. तुमच्या आईंच्या वाटेवरच्या प्रत्येक गेटपाशी उंची मोजा आणि मागणी स्पष्ट लिहा: गेटसमोर पदपथ सलग एकाच पातळीत राहावा, चढ-उतार गाडीनं करावा, माणसानं नाही.

आता फेरीवाल्यांबद्दल. हे जरा सविस्तर लिहिते, कारण बैठकीत सगळ्यात मोठा आवाज याच विषयावर होतो. आमच्या नकाशावर सगळ्यात जास्त हिरव्या टिकल्या कुठे लागल्या? वडापावच्या गाडीपाशी आणि भाजीवाल्यांपाशी. बाया म्हणाल्या, संध्याकाळी तिथे दिवा असतो, ओळखीची माणसं असतात, तिथून जाताना पोरीची काळजी वाटत नाही. त्याच गाडीच्या विरोधात जवळच्या सोसायटीचं सह्यांचं पत्र गेलेलं होतं. दोघांचंही खरं होतं: गाडी चालायच्या वाटेत उभी होती, आणि त्या गाडीमुळेच ती वाट रात्री चालण्याजोगी होती. आम्ही लिहून दिलं की झाडं, दिव्याचे खांब, विजेच्या पेट्या आणि विक्रेते यांच्यासाठी कर्बच्या, म्हणजे पदपथाच्या रस्त्याकडच्या कडेच्या, बाजूला एक पट्टा ठेवा आणि भिंतीच्या बाजूची १.८ मीटर वाट पूर्ण मोकळी सोडा. महापालिकेच्या २०१६ च्या तत्त्वांत अशा पट्ट्याची सोय आहे, वेगळं काही मागावं लागत नाही. शिवाय २०१४ च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे आधी सर्वेक्षण व्हावं लागतं, नगर पथविक्रेता समितीत विषय यावा लागतो. नुसतं "हटवा" म्हणून चालत नाही. तुमच्या भाजीवाल्यांना बैठकीला घेऊन जा, ताई. त्यांना स्वतःच्या जागेची खात्री मिळाली तर पुढची वाट मोकळी ठेवायला तेच सगळ्यात आधी मदत करतात.

सायकलबद्दल. खिडकीतून पहाटे ज्या सायकली दिसतात त्याच तुमचं उत्तर आहेत. त्या मोजा, नुसत्या पाहू नका. आपलं शहर एके काळी सायकलींचं म्हणून ओळखलं जायचं. आता शहर आपलं दुचाकींचं झालं तरी पोटासाठी सायकल चालवणारा माणूस गेलेला नाही, तो फक्त आपल्या वेळेला दिसत नाही. २०१७ च्या आराखड्यात ८०० किलोमीटरहून जास्त लांबीचं सायकल मार्गांचं जाळं दाखवलेलं आहे. तुमचा रस्ता त्यात आहे का ते नकाशावर शोधा. असेल तर "ट्रॅक हवा की नको" ही चर्चाच पुन्हा उघडायचं कारण नाही, चर्चा तो कसा हवा यावर करा. कारण वाईट ट्रॅक सायकलवाल्याच्या उपयोगाचा नसतो. २००६ मध्ये बीआरटी, म्हणजे बससाठी वेगळी राखीव मार्गिका, आली तेव्हा सातारा रस्त्याला ट्रॅक झाले, ते जिथे तुटले तिथे सायकलवाला पुन्हा गाड्यांत उतरला.

आमच्या एका पालकाचा पावाचा धंदा आहे. सायकलच्या कॅरिअरवर मागे रुंद पेटी बांधलेली. दुचाकी घुसू नयेत म्हणून ट्रॅकच्या तोंडाशी स्टीलचे खांब लावले होते. ते मला म्हणाले, "बाई, मी एकटा जातो, पेटी बाहेर राहते." चाकाच्या खुर्चीचंही तेच, तिला निदान ९० सेंटिमीटर सलग फट लागते. तेव्हा खांब दाखवले असतील तर दोन खांबांमधलं अंतर विचारा. आणि एक प्रश्न हमखास विचारा: चौकात हा ट्रॅक कुठे जातो? मधल्या सरळ भागात सगळंच छान दिसतं. अपघाताची भीती वळणारी गाडी आणि सरळ जाणारी सायकल जिथे भेटते तिथे असते, आणि नेमका तिथेच बऱ्याच आराखड्यांत ट्रॅक पदपथावर चढवून संपवलेला असतो. मग चालणारा आणि सायकलवाला एकमेकांच्या अंगावर येतात.

सिग्नलचंही बघा. पादचाऱ्यांचा वेळ साधारण सेकंदाला १.२ मीटर या चालीनं धरतात. रस्ता भिंत ते भिंत २४ मीटर म्हणजे ओलांडायचा भाग समजा १५ मीटर, तर साडेबारा सेकंद. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या आजी सेकंदाला ०.८ मीटर चालल्या तर त्यांना १९ सेकंद लागतात. आईंबरोबर घड्याळ लावून एकदा ओलांडा आणि तो आकडा द्या. वेळ वाढवून मिळत नसेल तर मध्ये थांबायला दुभाजकात पुरेशी रुंद जागा मागा, आणि शाळेसमोर उंच केलेलं झेब्रा क्रॉसिंग मागा, म्हणजे गाडीचा वेग आपोआप कमी होतो.

आमच्याकडे काय झालं ते सांगते. पेटी हलली. वडापावची गाडी राहिली, चार पावलं सरकून. चौकातला ट्रॅक आम्ही सांगितला तसा झाला नाही आणि त्याचा त्रास अजून आहे, त्यासाठी आमचा पाठपुरावा चालू आहे. ती मुलगी आता मोठ्या शाळेत गेली. तिचा भाऊ माझ्या वर्गात आहे आणि तो रस्ता न ओलांडता येतो.

---

कोपऱ्यावरचं दुकान

मी दुकानदार आहे, म्हणून आमची बाजू मांडतो. असे आराखडे आले की आम्हाला आधीच विरोधक धरलं जातं. माझं किराणा दुकान आहे, बहुतेक गिऱ्हाईक आसपासच्या गल्ल्यांतलं, पिशवी घेऊन पायी येणारं. पदपथ चांगला झाला तर मला हवाच आहे. पण माल कुठे उतरवायचा? टेम्पो सकाळी येतो, तेलाचे डबे आणि पोती उतरवायला त्याला अर्धा तास लागतो. जागा दिली नाही तर तो पदपथावर चढणार किंवा ट्रॅकमध्ये उभा राहणार, आणि शिव्या मला बसणार. तेव्हा ताई, तुमच्या सूचनांत एक ओळ आमच्यासाठी घाला: ठरावीक अंतरावर माल उतरवायची जागा, ठरावीक वेळेत. बाकी वेळ ती मोकळी ठेवू.

लक्ष्मी रस्त्यावर ११ डिसेंबर २०२१ ला पहिल्यांदा पादचारी दिन झाला, नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक वाहनं बंद होती. मी मुद्दाम बघायला गेलो होतो. रस्त्याच्या मधोमध म्हातारी माणसं निवांत चालत होती, पोरं खेळत होती. तुमच्याकडेही एखाद्या रविवारी पांढऱ्या पट्ट्या आणि कोन लावून नवी रचना आधी करून बघा अशी मागणी करा. दुकानदाराला डोळ्यांनी दिसलं की त्याची निम्मी धास्ती जाते. आणि आमच्या संघटनेला बैठकीचं बोलावणं वेगळं द्या. चौकातल्या फलकावर लावलेली नोटीस गल्ल्यावर बसलेला माणूस वाचत नाही.

---

निवृत्त अभियंता

बाईंनी मोजमापाचं सांगितलं ते शंभर टक्के. मी रस्त्यांच्या कामात नोकरी काढली, तेव्हा कागदाच्या बाजूचं थोडं लिहितो.

सूचनेला वजन कधी असतं? पूर्वगणनपत्रक, म्हणजे कामाच्या खर्चाचा तपशीलवार अंदाज, होण्याआधी. एकदा ते मंजूर होऊन निविदा निघाली की पेटी हलवणं म्हणजे जादा काम, त्याला पुन्हा मंजुरी, आणि मग "पुढच्या टप्प्यात बघू" हे उत्तर ठरलेलं. म्हणून बैठकीत पहिला प्रश्न हाच: काम कोणत्या टप्प्यावर आहे? दुसरं, नुसता रंगीत चित्राचा फलक बघून समाधान मानू नका. मापं घातलेला आडवा छेद मागा, म्हणजे भिंतीपासून भिंतीपर्यंत कशाला किती रुंदी ते दाखवणारं चित्र, दर काही अंतरावरचा, आणि चौकांचा मोठा नकाशा वेगळा मागा. तिसरं, जमिनीखालचं. ड्रेनेज, पाण्याची लाइन, केबल यांची कामं आधी होणार आहेत का? नसतील तर नवे ब्लॉक वर्षभरात उखडले जातात आणि परत बसवताना पातळी जाते. चेंबरची झाकणं पदपथाच्या पातळीत बसवायची, हे लेखी घ्या.

सूचना दोन प्रतींत द्या, आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. बैठकीचं इतिवृत्त मागा. मिळालं नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. लहानसहान गोष्टी, म्हणजे एखादा रॅम्प, बाक, तुटलेला कर्ब, यांसाठी मोठ्या कामाची वाट बघू नका. महापालिकेच्या अंदाजपत्रकात नागरिकांच्या सूचनांमधून प्रभागातली छोटी कामं घेण्याची पद्धत २००६-०७ पासून आहे.

आणि कुणी "पदपथ ही सोय आहे, हक्क नाही" म्हणालं तर शांतपणे सांगा: मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पदपथ वापरण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम २१ खाली येतो असं म्हटलं आहे, आणि पदपथ अपंगांनाही वापरता आले पाहिजेत असंही बजावलं आहे.

---

पावलापावलानं

सगळ्यांचे मनापासून आभार. दादा, माल उतरवण्याची ओळ नक्की घालते, आमच्याकडच्या दुकानदारांना स्वतः भेटून बोलावणं देईन. बाई, टिकल्यांचा नकाशा मला करायचाच आहे. पण मी त्या शाळेची कुणी नाही, माझं मूल तिथे शिकत नाही. मुख्याध्यापक मला दारात उभं करतील का? आणि वस्तीतल्या बायांना मी सोसायटीतली म्हणून परकी वाटेन, ती शंका आहेच.

---

शाळेतल्या बाई

करतील. शाळा व्यवस्थापन समितीत बहुसंख्य सदस्य पालकच असतात. आधी समितीच्या अध्यक्षांना भेटा, मग त्यांच्याबरोबर मुख्याध्यापकांकडे जा. पत्र अर्ध्या पानाचं पुरे: रस्त्याचं काम होतंय, मुलांच्या वाटेसाठी सूचना द्यायच्यात, पालकसभेला अर्धा तास हवा. मुलांची चित्रं बाहेर दाखवताना नावं झाकायची, हे त्यातच लिहून द्या. शाळा निर्धास्त होते.

वस्तीत एकट्या जाऊ नका. अंगणवाडी ताईंना बरोबर घ्या, त्यांना घराघरांतलं माहीत असतं. आणि तुमच्या आईंना न्याच. बाया तुम्हाला पाणी विचारतील, त्यांना बसायला पाट देतील, आणि गुडघ्यावरून सुरू झालेलं बोलणं गेटच्या पायरीवर यायला वेळ लागत नाही. टिकल्या मध्यम आकाराच्या घ्या, बारीक टिकल्या फोटोत दिसत नाहीत, आणि नकाशाचा फोटो सूचनांना जोडायचाच आहे. तुमच्या इमारतीत काम करणाऱ्या ताईंनाही विचारा, त्यांची वाट याच रस्त्यावरून असणार. रविवारी दुपारी त्या बहुतेक मोकळ्या असतात.

बैठक लवकरच म्हणताय, तर समितीच्या अध्यक्षांना उद्याच गाठा. आणि बैठकीची वेळ संध्याकाळची करून मिळावी असा अर्ज आजच देऊन टाका, आवक क्रमांक घेऊन.